हाँगकाँगचे पाच दिवस आणि वहीचं एक पान

कॅनडातल्या विनिपेगला आमच्या शेजारी एक बाई राहतात. वय ७८. त्यांचे वडील 'विनिपेग ग्रेनेडियर्स' या पलटणीत शिपाई होते. १९४१ च्या डिसेंबरात ते हाँगकाँगला लढले, नाताळच्या दिवशी पकडले गेले आणि १९४५ च्या ऑगस्टपर्यंत जपानी सैन्याच्या कैदेत राहिले. घरी परतल्यावर लढाईबद्दल त्यांनी लेकीला अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं ते भुकेचं, आणि तेही म्हातारपणी, स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून.

मला या माणसांचं वेड लागलं ते त्या बाईंमुळे. कॅनडात माजी सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात नोंदवून ठेवल्या आहेत, सरकारच्या माजी सैनिक विभागाने आणि 'मेमरी प्रोजेक्ट'नेही. विनिपेगच्या लांबलचक हिवाळ्यात पोळ्या लाटताना मी त्या ऐकत असते. ऐकता ऐकता जाणवत गेलं, की विचारणारा लढाईबद्दल विचारतो आणि म्हातारा उत्तर देतो ते भाताबद्दल. माझे आजोबाही मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते. साताऱ्याकडच्या आमच्या घराच्या सोप्यात बसून ते चिखल आणि खेचरं एवढंच बोलायचे. आम्ही कुणी कधी नीट विचारलं नाही, आणि ते गेले. त्यांचा आवाज कुठेच नाही.

शेजारच्या बाईंच्या वडिलांनी हाँगकाँगमधल्या शाम शुई पोच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एक वही केली होती. तिच्यात रोजनिशी नाही, पाककृती आहेत. उपाशी माणसं रात्री आडवी पडून एकमेकांना आईच्या हातचे पदार्थ सांगायची आणि ज्याच्याकडे पेन्सिलीचा तुकडा असेल तो लिहून घ्यायचा. युद्धकैद्यांच्या अशा वह्या आणखीही आहेत. बाईंनी मला त्यातल्या एका पानाची झेरॉक्स दिली. मनुकांची पाई. दोन कप मनुका, एक कप साखर, अंड्याएवढं लोणी, चमचाभर व्हिनेगर. 'व्हिनेगर'वर आडवी काट, आणि शेजारी दुसऱ्याच कुणाचं तिरकं अक्षर: 'लिंबू. व्हिनेगर नाही.' ते अक्षर ज्याचं, तो १९४२ मध्ये छावणीतच घटसर्पाने गेला. हाँगकाँगमध्येच, साई वानच्या लष्करी दफनभूमीत आहे.

"त्याच्यापाशी उभी राहून हे वाच," बाई म्हणाल्या. "मला आता एवढा प्रवास झेपणार नाही."

दिवस पहिला, गुरुवार

व्हँकुव्हरहून विमानाने तेरा-चौदा तास लागले. तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या हाँगकाँगच्या रक्षणासाठी पाठवलेल्या त्या कॅनेडियन पोरांना वीस दिवस लागले होते. २७ ऑक्टोबर १९४१ ला ती व्हँकुव्हरला 'अवाटीया' आणि 'प्रिन्स रॉबर्ट' या जहाजांवर चढली आणि १६ नोव्हेंबरला काउलूनच्या धक्क्याला उतरली. एकूण १,९७५ जण, त्यांत दोन परिचारिका. पलटणी दोन होत्या: आमच्या मॅनिटोबा प्रांताचे ग्रेनेडियर्स आणि पूर्वेकडची, क्विबेकची 'रॉयल रायफल्स ऑफ कॅनडा'. ग्रेनेडियर्स त्याआधी जमैकात पहारा देत होते, रायफल्स न्यूफाउंडलंडमध्ये. लष्कराच्या स्वतःच्या यादीत या दोन्ही पलटणी 'प्रशिक्षण अपुरं, लढाईसाठी शिफारस नाही' अशा गटात होत्या. तरी पाठवल्या. त्यांच्या २१२ गाड्या दुसऱ्या जहाजावर चढवल्या, आणि ते जहाज हाँगकाँगला कधी पोहोचलंच नाही. हे वाचलं की मला अजूनही संताप येतो.

भाचा तुंग चुंगला राहतो, त्याच्याकडे उतरले. संध्याकाळी तो मला नेथन रोडवर घेऊन गेला. धक्क्यावरून याच रस्त्याने ते बँडच्या तालावर शाम शुई पोच्या बराकींत गेले होते. आज तिथे सोन्याची दुकानं, औषधांची दुकानं आणि अंगाला अंग लागेल अशी गर्दी. फुटपाथच्या कडेला जरा वेळ थांबले. त्यांच्या हातात तीन आठवडे होते.

दिवस दुसरा, शुक्रवार

आज वाँग नाय चुंग खिंड. हाँगकाँग बेटाच्या बरोबर मधोमध, दोन डोंगरांच्या मधली ही वाट. बेटाचा उत्तर किनारा आणि दक्षिण किनारा जोडणारा रस्ता इथूनच जातो, म्हणून खिंड ज्याच्या हातात त्याच्या हातात बेट. सेंट्रलहून स्टॅन्लीची बस घेतली, वळणं घेत वर आले आणि तलावापाशी उतरले. भाच्याने सुट्टी काढली होती. पाण्याच्या बाटल्या त्यानेच उचलल्या, "मावशी, तू फक्त चाल" म्हणाला.

८ डिसेंबरला सकाळी जपानी विमानांनी काय ताकच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. मुख्य भूमीवरची बचावाची फळी दोन दिवसांत खिळखिळी झाली आणि १३ तारखेपर्यंत सगळी फौज बेटावर मागे आली. १८ च्या रात्री जपानी सैन्य खाडी ओलांडून बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरलं. त्या किनाऱ्यावर आपली ५/७ राजपूत, म्हणजे सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी पलटण होती. पहिला घाव तिने झेलला, आणि त्या रात्रीतच ती जवळजवळ संपली. कॅनेडियन आठवणींत हे राजपूत मधूनमधून येतात, नाव नसलेले, अंधारात लढणारे. आपल्याकडे त्यांच्याबद्दल एक ओळही शाळेत शिकवली नाही, याची खंत वाटली.

रस्त्याच्या कडेला डोंगराच्या कुशीत काँक्रीटच्या ठेंगण्या खोल्या आहेत. ब्रिगेडियर जॉन लॉसन यांचं मुख्यालय इथे होतं. १९ डिसेंबरला सकाळी जपानी सैनिक अगदी हाकेच्या अंतरावर आले, तेव्हा लॉसन यांनी वरिष्ठांना कळवलं की आता बाहेर पडून लढतो. बाहेर पडले आणि मारले गेले. दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढाईत पडलेले ते सर्वांत वरच्या हुद्द्याचे कॅनेडियन. ज्या जपानी कर्नलच्या तुकडीने खिंड घेतली, त्यानेच त्यांना तिथे मानाने पुरायला लावलं. मी दारातून आत डोकावले. उंची इतकी कमी की भाच्याला मान वाकवावी लागली. ओल, पालापाचोळा, आणि भिंतीच्या काँक्रीटला पडलेले खळगे. एका खळग्यात बोट घालून पाहिलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

जवळच ग्रेनेडियर्सची डी कंपनी होती. लॉसन गेल्यावरही ती इथल्या आडोशांतून लढत राहिली, २२ तारखेपर्यंत. दारूगोळा संपला, पाणी संपलं, आत जखमींना पाय ठेवायला जागा नाही. पलटणीचे पाद्री युराया लेट जखमींपाशीच बसून राहिले आणि त्यांच्याबरोबरच कैदेत गेले. शेजारच्या बाईंचे वडील या कंपनीत होते का, हे त्यांना माहीत नाही. कागदावर नंबर आहे, कंपनी नाही.

मग पायवाटेने जार्डिन्स लुकआउटच्या बाजूने वर चढलो. हाँगकाँग म्हणजे इमारतींचं जंगल हे मनात धरून येणाऱ्याने हा डोंगर एकदा चढावा. दाट झाडी, दगडी पायऱ्या, घाम, आणि झाडीत अचानक समोर येणारे तोफगोळे खाल्लेले बंकर. पलीकडे माउंट बटलर दिसतो. १९ डिसेंबरला कंपनी सार्जंट मेजर जॉन ऑस्बॉर्न यांनी उरलेल्या माणसांना घेऊन संगिनींनी तो माथा परत घेतला आणि तीन तास राखला. दुपारी ते घेरले गेले. जपानी सैनिक हातबॉम्ब टाकत होते आणि ऑस्बॉर्न ते उचलून परत फेकत होते. एक बॉम्ब असा पडला की उचलायला वेळच नव्हता. साथीदारांना ओरडून सावध करत त्यांनी स्वतःला त्याच्यावर झोकून दिलं. त्यांच्या कंपनीतल्या जगलेल्यांनी ही हकिगत कैदेत जपली, युद्ध संपल्यावर सांगितली, आणि १९४६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्यांचा देह मिळाला नाही. चाळिशी ओलांडलेला, पहिलं महायुद्धही पाहिलेला माणूस. आजूबाजूची पोरं वीस-बावीसची.

उतरताना माझे गुडघे बोलू लागले. ती पोरं हा डोंगर रात्री, पावसात, रायफली घेऊन, नकाशा नीट माहीत नसताना चढली होती.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी शाऊ केई वानच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात थोडा वेळ गेले. याच लाय मून भागात रॉयल रायफल्सचा गँडर मेला. गँडर म्हणजे न्यूफाउंडलंड जातीचा भला मोठा काळा कुत्रा, पलटणीबरोबर जहाजावरून आलेला. जखमी सैनिकांजवळ पडलेला हातबॉम्ब तोंडात धरून तो पळाला आणि बॉम्ब फुटला. २००० साली त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठीचं डिकिन पदक मिळालं. कितीतरी म्हाताऱ्यांचा आवाज बाकी सगळं सांगताना कोरडा असतो, पण गँडरपाशी आला की अडखळतो.

तिथून बसने स्टॅन्लीला. बस ताय तामच्या धरणाच्या भिंतीवरून जाते, एक बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी. रॉयल रायफल्स याच बाजूने मागे हटत हटत स्टॅन्लीच्या चिंचोळ्या भूशिरावर येऊन थांबले. पुढे समुद्रच. २५ डिसेंबरला, भर दुपारी, कसलाही आडोसा नसताना त्यांच्या डी कंपनीला हल्ल्याचा हुकूम मिळाला. कंपनीतली बहुतेक माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याच दुपारी तिकडे शहरात गव्हर्नरने शरणागती पत्करली होती. स्टॅन्लीला निरोप पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली.

सेंट स्टीफन्स कॉलेज आजही चालू आहे, मुलं फुटबॉल खेळत होती. त्या नाताळच्या पहाटे इथे इस्पितळ होतं. जपानी सैनिक आत शिरले, डॉक्टरांना मारलं, खाटांवरच्या जखमींना संगिनींनी भोसकलं, परिचारिकांवर अत्याचार केले आणि काहींना ठार केलं. तिथून जिवंत सुटलेल्यांनी हे नंतर न्यायालयात सांगितलं. मी यावर याहून जास्त लिहू शकत नाही. फाटकाबाहेर उभी राहिले आणि पुढे चालायला लागले.

स्टॅन्लीच्या लष्करी दफनभूमीत काही शिळा ओबडधोबड ग्रॅनाइटच्या आहेत, नजरकैदेतल्या लोकांनी आपल्या हाताने कोरलेल्या. अक्षरं वरखाली, ओळ तिरपी. एका थडग्यापाशी मी बराच वेळ बसले: कॅप्टन मतीन अहमद अन्सारी, ५/७ राजपूत, जॉर्ज क्रॉस. हैदराबादचे. म्हणजे आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता, तिथले. ब्रिटिशांशी असलेली निष्ठा सोडावी म्हणून जपान्यांनी त्यांचा अतोनात छळ केला. ते वाकले नाहीत, उलट इतर कैद्यांना पळून जायला मदत करत राहिले. २९ ऑक्टोबर १९४३ ला तीसहून अधिक ब्रिटिश, चिनी आणि भारतीय कैद्यांबरोबर त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांच्या निष्ठेबद्दल कुणाचं काहीही मत असो, मी शिळेवरची पानं हाताने झटकली आणि नमस्कार केला.

दिवस चौथा, रविवार

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी साई वानला कॅनेडियन लोकांचा स्मरणाचा कार्यक्रम असतो. मी तारीख धरूनच तिकीट काढलं होतं. चाय वान स्टेशनवरून चढ चढून गेलं की रस्त्याच्या कडेला स्मारकाची भिंत लागते. ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांची नावं तिच्यावर आहेत, त्यांत २२८ कॅनेडियन. ऑस्बॉर्न यांचं नाव शोधून काढलं. आत गेलं की डोंगर एकदम खाली उतरतो आणि उतारावर पांढऱ्या शिळांच्या ओळी, पार टोकापर्यंत. कॅनेडियन थडगी २८३. त्यांतली १०७ बिनानावाची. त्यांच्यावर मेपलचं पान कोरलेलं आहे आणि शेवटची ओळ अशी, की हा कोण हे देवाला ठाऊक. लॉसनही आता इथेच आहेत.

पुष्पचक्रं वाहिली, बिगुल वाजला, दोन मिनिटं सगळे स्तब्ध. पूर्वी या दिवशी म्हातारे सैनिक स्वतः यायचे, काठी टेकत, मग चाकाच्या खुर्चीवरून. आता त्यांच्यातला एकही उरला नाही. शाळेतली मुलं हातात लाल पॉपी घेऊन रांगेत होती. एक चिमुरडी शिळेवरचं वय वाचून आईला विचारत होती, "एकोणीस म्हणजे दादाएवढा का?"

गर्दी पांगल्यावर मी ओळ आणि क्रमांक शोधत खाली उतरले. नाव इथे लिहीत नाही, ते त्या घरांचं आहे. वय २३.

१९४२ च्या उन्हाळ्याअखेरीस शाम शुई पोच्या छावणीत घटसर्प पसरला. लहान मुलांचा समजला जाणारा आजार, पण या माणसांच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. औषध अस्तित्वात होतं, ते मिळत नव्हतं. जे थोडं हाती लागायचं ते कुणाला टोचायचं, हे डॉक्टरांना ठरवावं लागे. पन्नासहून अधिक कॅनेडियन त्यात गेले. घसा बंद होतो, पाणीसुद्धा नाकावाटे परत येतं. रुग्णांपाशी जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं, तरी स्वतः होऊन जाणारे निघाले. बाईंच्या वडिलांनी मित्राला अखेरचे दिवस भाताची पेज पाजली होती, चमच्याच्या टोकाने, थेंब थेंब. एवढं एकदाच ते लेकीला बोलले, आणि मग उठून अंगणात निघून गेले.

मी पान काढलं. वाऱ्याने फडफडत होतं, दोन्ही हातांनी धरलं. मनुका, साखर, अंड्याएवढं लोणी. व्हिनेगरवर काट आहे तेही वाचलं. आणि 'लिंबू' हा शब्द आला तेव्हा माझा आवाज फुटला, कारण तो शब्द त्याचा होता. ज्याला पाणी गिळवत नव्हतं त्याने त्याआधी कधीतरी पोटात आग असताना पाईच्या चवीवरून मित्राशी वाद घातला होता, आणि आपलंच खरं म्हणून पेन्सिल हिसकावून घेतली होती. मी पुन्हा एकदा वाचलं. पान ठेवून आले नाही. भिजून गेलं असतं, आणि तिथलं गवत इतकं नीट राखलेलं आहे की कागद टाकवेना.

परत वर येताना हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक पाहिलं. त्यांना अग्नी दिला गेला, म्हणून थडगी नाहीत, नुसती नावं. गावाचा उल्लेख नाही. आजोबांची फार आठवण आली.

दिवस पाचवा, सोमवार

शाम शुई पो. मेट्रोतून वर आलं की जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार, वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, कापडाची दुकानं. छावणी होती तिथे आता मॉल आणि सरकारी चाळींसारखे उंच टॉवर. बराकींचा मागमूस नाही. बाजूच्या बागेत कैद्यांच्या आठवणीसाठी पाट्या आहेत आणि कॅनेडियनांसाठी लावलेली मेपलची झाडं. बाकांवर म्हातारे बुद्धिबळासारखा त्यांचा खेळ मांडून बसले होते. मीही एका बाकावर बसले आणि कानात आवाज लावले. विनिपेगला ऐकलेलेच, पण इथे ऐकायचे होते.

लढाई अठरा दिवसांची. कैद चव्वेचाळीस महिन्यांची. लढाईत २९० कॅनेडियन पडले, कैदेत आणखी अडीचशेहून अधिक. आवाज सांगत होते: भात, त्यात किडे, वर पालेभाजीचं पाणी. किडे आधी वेचून काढायचे, मग वेचणं सोडलं. जीवनसत्त्वांवाचून पायांना असा जाळ सुटायचा की त्याला त्यांनी 'इलेक्ट्रिक फीट' नाव दिलं होतं, विजेचे पाय. रात्रभर माणसं पाय गार पाण्यात बुडवून बसायची. कुणाची नजर तेव्हाच अधू झाली ती कायमची. दिवसा काय ताकला धावपट्टी वाढवायला न्यायचे, फावडं आणि टोपली. रेड क्रॉसचं पार्सल आलं तो दिवस म्हातारपणीही तारखेसकट आठवतो, डब्यातल्या दुधाच्या भुकटीची चवसुद्धा.

१९४३ पासून त्यांना जहाजांच्या तळाशी कोंबून जपानला नेऊ लागले, एकूण हजारावर कॅनेडियन. बाईंचे वडील नीगाताला. तिथे उंच लाकडी सांगाड्यावरून कोळशाच्या गाड्या ढकलायच्या, बर्फात, फाटक्या कपड्यांत. त्यांना बर्फ नवा नव्हता, विनिपेगचेच ते. बाई म्हणतात, "बर्फ पडायला लागला की बाबा खिडकीपाशी जायचे नाहीत."

१९४५ च्या ऑगस्टअखेर हाँगकाँग मोकळं करायला जी जहाजं आली, त्यांत 'प्रिन्स रॉबर्ट' होतं. त्यांना इथे पोहोचवणारं तेच. शाम शुई पोत उरलेल्यांना ते ओळखीचं जहाज पाहून काय वाटलं असेल, हे सांगताना एक आवाज गप्प होतो. रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

मायदेशी या माणसांच्या तब्येतीचं दुखणं कुणी लवकर मानलं नाही. पेन्शनसाठी त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. सक्तमजुरीची भरपाई कॅनडा सरकारने स्वतःच्या खिशातून दिली ती १९९८ मध्ये, प्रत्येकी सुमारे २४,००० डॉलर. जपान सरकारने कॅनडाच्या युद्धकैद्यांची माफी मागितली २०११ च्या डिसेंबरात. तोवर बहुतेक जण गेलेले होते. शेजारचे बाबाही.

रात्री नऊला भाच्याच्या घरून बाईंना फोन लावला. विनिपेगला सकाळचे सात. त्या उठून बसलेल्याच होत्या. दफनभूमी कशी आहे, समुद्र दिसतो का, गवत कापलेलं होतं का, सगळं विचारून झालं. मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"लिंबाचं वाचलंस ना?"

"दोनदा वाचलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "बाबा दर नाताळला लिंबूच घालायचे."